कोरे, कच्चे आणि पक्के : तेरच्या आव्यातील तीन शब्दांचा इतिहास

‘कच्चे मडके’ हा वाक्प्रचार मराठीला तेरच्या गोरोबा कुंभारांनी दिला, असा समज सर्वत्र रूढ आहे. कीर्तनकार तो सांगतात, मुलांची पुस्तके तो सांगतात आणि एखाद्या अननुभवी माणसाला ‘कच्चे मडके’ म्हणणाऱ्याच्या मनातही संतकथेची ती आठवण कोठेतरी असते. कथा तेरची आहे आणि मडकेही तेरचे आहे, याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो केवळ ‘कच्चे’ या विशेषणाचा. हे विशेषण आणि त्याचे जोडीदार ‘पक्के’ हे मराठीच्या घरातले जुने शब्द आहेत, की मागाहून आलेले पाहुणे आहेत? आणि पाहुणे असतील, तर ते तेरच्या कुंभाराच्या तोंडी कसे आले? या दोन शब्दांवाचून आज मराठी माणसाचा दिवस जात नाही. इंग्रजांनीही त्यांतला एक उचलून आपल्या भाषेत कायमचा ठेवून घेतला. अशा शब्दांचे मूळ पाहताना संतचरित्राचा काळ आणि शब्दाचा काळ या दोन गोष्टी एकच मानण्याची घाई होते. ती टाळणे हे भाषेच्या अभ्यासकाचे पहिले काम होय.

तेर हे भाजलेल्या मातीचे गाव आहे. तेरणेच्या काठी वसलेल्या या गावाचे जुने नाव तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठी पेठ म्हणून त्याचा उल्लेख येतो आणि तेथला माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याचे तो ग्रंथ सांगतो. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट याने १९०१ मध्ये दाखवून दिले. पुढे झालेल्या उत्खननांत सातवाहनकालीन वस्तीचे जे अवशेष हाती आले, त्यांत मृण्मूर्तींचा आणि साच्यातून काढलेल्या बाहुल्यांचा भरणा मोठा आहे. चापेकरांच्या उत्खननात विटांचा स्तूपही उघडकीस आला. त्रिविक्रमाचे चापाकार देऊळ विटांचे, उत्तरेश्वराचे विटांचे, काळेश्वराचेही विटांचे. दगडाच्या दख्खनमध्ये मातीला अग्निसंस्कार देऊन शतकानुशतके टिकवण्याची ही हातोटी लक्षात घेण्याजोगी आहे. मराठी संतमंडळातील कुंभार नेमका या गावचा असावा, हा योगायोग असला तरी शोभणारा योगायोग आहे.

कथा सर्वश्रुत आहे. तेरला गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईचे लक्ष तेथे पडलेल्या थापटण्याकडे गेले. हे काय, असे तिने विचारले. याने मडकी पारखतात, असे उत्तर मिळाले. मग आम्हीही मडकीच आहोत, आमचीही पारख व्हावी, असे बोलणे निघाले आणि गोरोबाकाकांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारण्यास प्रारंभ केला. बाकीचे स्वस्थ राहिले, नामदेव मात्र चिडले. आणि तेवढेच मडके भाजावयाचे राहिले आहे, असा निर्णय झाला. दुखावलेले नामदेव पुढे औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ मधील असल्याने कथेतील हा प्रसंग त्यापूर्वीचा ठरतो. गोरोबांची समाधी परंपरेने शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७, अशी सांगितली जाते. महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त गोरोबांचे चरित्र सविस्तर आले आणि तेथून ते घरोघर पोहोचले.

येथे कुंभारकामाचा एक बारकावा नोंदवावासा वाटतो. थापटणे हे मुळात ओल्या भांड्याचे हत्यार होय. चाकावरून उतरलेल्या भांड्याच्या आत दगडी गुंडा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत त्याची भिंत पातळ आणि सारखी करावयाची, असे त्याचे काम. भाजून निघालेले मडके पारखावयाचे तर बोटांच्या पेरांची एक टिचकी पुरते: भाजलेले असेल तर खणखणीत वाजते, नसेल किंवा तडा गेला असेल तर बद्द बोलते. घडविणे आणि पारखणे ही दोन्ही कामे कथेने एकाच हत्याराकडे दिली आहेत. संतांच्या परीक्षेत तेच योग्य होते, असे म्हणता येईल. परंतु कारागिराच्या दृष्टीने ती दोन वेगळी कामे आहेत, आणि ‘कच्चा’ व ‘पक्का’ यांचा भेद डोळ्यांना नव्हे तर कानांना कळतो, ही गोष्ट मात्र कथेने अचूक टिपली आहे.

आता मुख्य मुद्दा. नामदेवाच्या गाथेत या प्रसंगाचे जे अभंग छापलेले आहेत, त्यांत गोरोबांचा निर्णय ज्या चरणात येतो, तेथे न भाजलेल्या मडक्याला ‘कच्चे’ म्हटलेले नाही. ‘कोरा’ म्हटले आहे. ‘गोरा’ आणि ‘कोरा’ यांचे यमक तेथे साधलेले आहे. या यमकाचे मोल काव्याच्या दृष्टीने फार नाही, पाठचिकित्सेच्या दृष्टीने फार मोठे आहे. गाथांचे अभंग मुखोमुखी चालत आले, लेखनिकांनी ते आपापल्या काळच्या भाषेत नकळत वळविले, हे सर्वमान्य आहे. चरणाच्या मध्यावरचा शब्द बदलावयास लेखनिकाला काही अडचण पडत नाही, परंतु यमकात गुंतलेला शब्द काढला की चरण मोडतो. म्हणून अशा जागी जुना शब्द जिवंत राहण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. उलट बाजूने कोणी असेही म्हणेल की, यमकासाठीच कवीने ‘कोरा’ घेतला असेल, एरवी त्याच्या तोंडीही ‘कच्चा’च असेल. हा आक्षेप एका अभंगावरून खोडता येण्यासारखा नाही. त्यासाठी शब्दांच्या घडणीकडेच वळले पाहिजे.

तत्पूर्वी ‘कोरा’विषयी थोडे. आजच्या मराठीत कोरे मडके म्हणजे न भाजलेले मडके नव्हे. ते भाजलेले असते, फक्त त्यात अजून पाणी भरलेले नसते. घटस्थापनेला लागते ते कोरे मडके हेच. अभंगातले कोरे मडके अग्नीने न शिवलेले, आजचे कोरे मडके पाण्याने न शिवलेले. कोरे कापड धुतलेले नसते, कोऱ्या कागदावर शाई नसते, कोऱ्या चहात दूध नसते. या सर्वांत समान गोष्ट एकच, ती म्हणजे त्या त्या वस्तूवर व्हावयाचा संस्कार अद्याप झालेला नाही. कोणता संस्कार, ते वस्तू ठरविते. ‘कोरा’ हा शब्द ते सांगत नाही. पुढे या अर्थाला एक अनपेक्षित फाटा फुटला. ‘सातबारा कोरा करा’ ही शेतकऱ्याची मागणी ज्या उताऱ्याविषयी आहे तो उतारा कोरा नव्हता, त्यावर कर्जाचा बोजा चढलेला होता. तो उतरवून कागद पुन्हा अस्पर्श करावा, असे तीत अभिप्रेत आहे. न झालेला संस्कार हा मूळ अर्थ, तर झालेला संस्कार पुसून टाकणे हा नवा. धाराशिव जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला ‘कोरा’ म्हटल्यावर आज हाच अर्थ आधी आठवेल. गोरोबांच्या गावात हा शब्द मडक्याकडून तलाठ्याच्या दप्तरापर्यंत असा चालत गेला आहे.

भाजलेले आणि न भाजलेले यांची जोडी भारतीय भाषांत फार जुनी. न भाजलेल्या भांड्याला वैदिक भाषेत ‘आम’ म्हणत. अथर्ववेदात अभिचाराच्या संदर्भात आमपात्राचा उल्लेख येतो. पालि मज्झिमनिकायात बुद्ध आनंदाला सांगतो की, कुंभार कच्ची भांडी जशी जपून हाताळतो तसा मी तुमच्याशी वागणार नाही. पुनःपुन्हा दोष दाखवीन, ज्याच्यात सार असेल तो टिकेल. तेथेही कच्च्या भांड्याचा शब्द ‘आमक’ हाच आहे. तेरच्या कथेशी याचे साम्य विलक्षण आहे. तेरला बौद्ध वस्ती होती एवढ्यावरून एकाचा संबंध दुसऱ्याशी जोडणे मात्र साहसाचे होईल. कुंभार जेथे जेथे आहे तेथे तेथे हा दृष्टांत कोणालाही सुचावा असा आहे.

भाजण्याच्या बाजूचे शब्द ‘पच्’ या धातूपासून निघाले. शिजणे, भाजणे, पिकणे या तिन्ही क्रिया त्या एकाच धातूने सांगितल्या जात. मराठीत या धातूची संतती इतकी पसरली आहे की, भावंडांना एकमेकांची ओळख उरलेली नाही. कुंभाराचा ‘आवा’ हा संस्कृत ‘आपाक’ शब्दाचा वंशज. मधल्या ‘प’चा ‘व’ होऊन आणि पुढे स्वर मिळून तो झाला. म्हणजे आव्यात ‘पच्’ धातू दडलेला आहे, परंतु आज तो कोणाच्या डोळ्यांना दिसणार नाही. ‘पक्व’ शब्दाची प्राकृतात दोन रूपे होती: ‘पक्क’ आणि ‘पिक्क’. वररुचीने हा इकार सांगितला आहे आणि हेमचंद्राने बाराव्या शतकात तो विकल्पाने दिला आहे. हेमचंद्राने एकाच नियमात ‘पक्व’, ‘अंगार’ आणि ‘ललाट’ हे तीन शब्द एकत्र घातले, आणि मौज अशी की, या तिन्ही ठिकाणी मराठीने इकाराचाच पक्ष घेतला. ‘पिकणे’ आणि ‘पीक’ हे ‘पिक्क’वरून आले, निखाऱ्याला ‘इंगळ’ म्हणतात, आणि कपाळ या अर्थाचा ‘निढळ’ आपण ‘निढळाचा घाम’ या प्रयोगात अजून वापरतो. कपाळाचा तो जुना शब्द कधीच मागे पडला, त्यावरचा घाम तेवढा उरला. सारांश, ‘पक्व’ शब्दाचा मराठी वारस शोधावयाचा तर तो ‘पिका’ आहे.

मग ‘पक्का’ कोणाचा? प्राकृतातील जोडाक्षर मराठीत येताना एकेरी होते आणि मागचा ‘अ’ दीर्घ होतो, हा नियम मराठीच्या इतिहासातील सर्वांत विश्वसनीय नियमांपैकी एक आहे. हत्थचा हात झाला, सत्तचा सात, कम्मचा काम, अज्जचा आज. झ्यूल ब्लॉक याने मराठीच्या घडणीवरील आपल्या १९२० च्या ग्रंथात अशा शब्दांची मोठी सामग्री मांडली आहे. कुंभाराचे ‘चाक’सुद्धा ‘चक्क’पासून याच वाटेने आले. ‘पक्क’ हे रूप मराठीत वंशपरंपरेने आले असते तर ते ‘पाका’ झाले असते, ‘कच्च’चे ‘काचा’ झाले असते. शेजारच्या गुजरातीत नेमके तसे झाले आहे: तेथे ‘काचुं’ आणि ‘पाकुं’ म्हणतात. कबीराच्या साखीतही न भाजलेल्या घड्याला ‘काचा’ हेच विशेषण आहे. ‘कच्चा’, ‘पक्का’ ही द्वित्त राखलेली रूपे वायव्येकडील, पंजाबी वळणाच्या बोलींची आहेत. दिल्लीच्या भाषेने ती घेतली आणि सेना, सराफ आणि कचेऱ्या यांच्याबरोबर ती दक्षिणेत उतरली. ‘सत्य’ शब्दाची कथा याला समांतर आहे. ज्ञानेश्वरीच्या मराठीत ‘साच’ होते. ‘सच्चा’ मागाहून आला आणि त्याने ‘साच’ला जवळजवळ हुसकावून लावले.

यावर एक शंका घेता येते. घट्ट, गच्च, लख्ख, टक्क असे द्वित्ताचे शब्द मराठीत भरपूर आहेत. तेव्हा जोर देऊन उच्चारण्याच्या सवयीने ‘पक्का’चे द्वित्त मराठीतच टिकले असेल, असे का मानू नये? शंका रास्त आहे. ध्वनिनियम एकटा येथे निकाल देऊ शकत नाही. निकाल लागतो तो या शब्दांच्या वापराच्या क्षेत्रावरून.

‘कच्चा’ याचा विरुद्धार्थी शब्द कोणता, असे विचारले तर कोणीही तत्काळ ‘पक्का’ असे सांगेल. प्रत्यक्ष बोलण्यात मात्र तसे घडत नाही. कच्चा आंबा पक्का होत नाही, तो पिकतो. कच्चा भात शिजतो, कच्चे दूध तापते, कच्चे चामडे कमावले जाते, कच्च्या झोपेच्या उलट गाढ झोप असते. कच्चे मडकेसुद्धा कुंभाराच्या तोंडी भाजते. शेतकरी, चांभार, कुंभार आणि स्वयंपाकघरातली बाई यांपैकी प्रत्येकाजवळ पूर्णतेचे आपले स्वतःचे क्रियापद आहे, आणि ‘पक्का’ या शब्दाला त्यांपैकी कोणीही आत घेतलेले नाही. उत्तरेत पाण्यात शिजवलेली ती कच्ची रसोई आणि तुपात तळलेली ती पक्की, असा भेद आहे आणि त्यावर कोणाच्या हातचे काय खावयाचे याचे नियम रचलेले होते. मराठी घरात ही परिभाषा रुजली नाही.

मग ‘पक्का’ कोठे नांदतो? शेर, मण आणि कोस पक्के असतात. वही, पावती आणि हिशेब पक्के असतात. सडक पक्की, इमारत पक्की, रंग पक्का, सौदा पक्का, नेमणूक पक्की. म्हणजे बाजार, दप्तर आणि सरकारी बांधकाम. जो शब्द घराच्या ओसरीपर्यंत आला पण चुलीपाशी गेला नाही, तो पाहुणा आहे असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. ‘कच्चा’ मात्र जोडीदाराला बाहेर ठेवून स्वतः थेट आत शिरला. याचेही कारण उघड आहे. पूर्णतेचे शब्द प्रत्येक धंद्याजवळ होते, अपूर्णतेचा सर्वांना चालेल असा एक शब्द नव्हता. ‘कोरा’ होता, परंतु तो अस्पर्शतेचा शब्द; अर्धवट भाजलेले मडके किंवा अर्धा पिकलेला आंबा कोरा म्हणता येत नाही. ती रिकामी जागा ‘कच्चा’ने भरली. गोरोबांच्या कथेतही तो शिरला तो याच वाटेने. ‘कोरे मडके’ म्हणजे नवे मडके, हा अर्थ रूढ होताच जुना ‘कोरा’ श्रोत्याला कळेना. कीर्तनकाराने त्या जागी कळेल असा शब्द घातला. यात कोणाचा दोष नाही, आणि कथेची हानीही झालेली नाही. मात्र त्या शब्दावरून तेराव्या शतकातील मराठीविषयी अनुमान काढणे सोडले पाहिजे.

मराठवाड्यात या शब्दांना आणखी बळ मिळण्याचे कारण राजकीय होय. आजचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. तेथील कचेरीची भाषा आधी फार्सी आणि मग उर्दू, बाजारात दखनी, घरात मराठी. अशा ठिकाणी मोजमापाचे आणि कागदपत्राचे शब्द वरून खाली येतात. पुण्याकडेही चित्र फारसे वेगळे नव्हते. गावोगावचा शेर निराळा असल्याने लहान तो कच्चा आणि मोठा, मान्य असलेला तो पक्का, अशी व्यवस्था देशभर होती; ब्रिटिश अमलात ८० तोळ्यांचा शेर प्रमाण ठरला. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि शेर व मण दोन्ही गेले; ‘पक्का शेर’ हा शब्दप्रयोग आज म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तेवढा उरला आहे. १८५७ च्या मोल्सवर्थच्या कोशात हे दोन्ही शब्द अर्थांच्या लांब मालिकेसह आले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते मराठीत पूर्णपणे स्थिरावले होते, यात शंका नाही.

इंग्रजांनी हा शब्द प्रथम ऐकला तोही वजनाच्या काट्यापाशीच. कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर उतरला, जुन्नरपर्यंत येऊन गेला. १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तात आग्र्याचा पक्का मण सुरतेच्या मणाच्या दुप्पट असल्याचे सांगितले आहे. पुढच्या दोन शतकांत या जोडीने साहेबांच्या बोलण्यात किती धुमाकूळ घातला, ते यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात पाहावे. त्यांनी ‘कच्चा’ या नोंदीखाली चक्क दोन रकाने पाडले आहेत. एकीकडे उन्हात वाळवलेली वीट, मातीचे घर, हंगामी नेमणूक, वरवरचा अंदाज, धुता न येणारा रंग. दुसरीकडे त्या प्रत्येकाचा पक्का प्रतिरूप. पलटणीतील मेजरसुद्धा कच्चा आणि पक्का असे दोन प्रकारचे. त्यांनी बदमाशांचेही असेच दोन वर्ग केले: कच्चा तो मिळमिळीत, पक्का तो आपल्या कामात कसूर न ठेवणारा. कोशकारांना विनोदाची अशी हुक्की क्वचितच येते. परंतु ही नोंद गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. एका जोडीने इतक्या भिन्न वस्तूंना दोन वर्गांत विभागावे, ही सोय इंग्रजीत नव्हती, आणि ती त्या लोकांना भुरळ घालून गेली, हे तीवरून दिसते.

पुढे मात्र जोडी फुटली. हिंदुस्थानात लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजीत कच्चा आणि पक्का हे दोन्ही अजून सुखाने नांदतात. विलायतेच्या इंग्रजीत ‘कच्चा’ टिकला नाही, ‘पक्का’ टिकला. तेथे आधी ‘पक्का साहेब’ म्हणजे अस्सल, वागणुकीत कोठेही न चुकणारा गोरा अधिकारी, असा अर्थ झाला. जॉर्ज ऑर्वेलच्या १९३४ च्या ‘बर्मीज डेज’ या कादंबरीत या पक्केपणाच्या आचारसंहितेखाली गुदमरणारा नायक आहे, आणि त्या शब्दाची सारी कटुता तेथे उतरली आहे. साम्राज्य गेले, साहेब गेला, शब्द राहिला. आता तो लंडनच्या रस्त्यावर ‘फक्कड’, ‘झकास’ एवढ्याच अर्थाने फिरू लागला. १९९९ मध्ये जेमी ऑलिव्हर या तरुण स्वयंपाक्याने दूरचित्रवाणीवर आपल्या पदार्थांना हे विशेषण लावून ते घरोघर पोहोचविले. अखेर हा शब्द चुलीपाशी पोहोचला तो मराठी घरात नव्हे, इंग्रजी घरात, ही गंमत नोंदण्यासारखी आहे.

या प्रवासात अर्थाचे जे झाले ते केवळ विस्तार म्हणून दाखविणे पुरेसे नाही. कच्च्यावाचून पक्का राहिला म्हणजे त्याच्यातील क्रिया निघून जाते. मराठीत ‘रस्ता पक्का झाला’ म्हटले की तो पूर्वी कच्चा होता, मध्ये खडी पडली, रोलर फिरला, हे सर्व त्यात येते. ‘लग्न पक्के झाले’ यात आधीच्या येरझाऱ्या येतात. ज्याला ‘पूर्वी’ आहे तेच पक्के होते. इंग्रजीतील पक्का साहेब मात्र जन्मतःच पक्का, तो कधी कच्चा होता असे म्हणण्याची सोयच त्या भाषेत उरली नाही. आव्यातून निघालेला शब्द तेथे वंशाचा शिक्का बनला. उलट मराठीत माणसाला नुसते ‘पक्का’ म्हटले तर ती स्तुती नसते. ‘तो मोठा पक्का आहे’ म्हणजे सहजी हाती न लागणारा, आतल्या गाठीचा. पक्का चोर, पक्का लबाड हे प्रयोग जिभेवर सहज येतात, पक्का सज्जन सहसा येत नाही.

‘कच्चा’विषयी मराठीला आकस नाही. खेळात धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ ठरवून घेतात: तो खेळतो, धावतो, परंतु बाद होत नाही. कच्चीबच्ची म्हणजे घरातली लहान पोरे. गणितात कच्चा असलेला मुलगा मूर्ख ठरत नाही, त्याला शिकवणी लागते. कच्चा खर्डा पुन्हा लिहिता येतो. ‘कच्च्या गुरूचा चेला’ म्हणण्यातसुद्धा टोला गुरूला आहे. ज्याच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही तो कच्चा कैदी, शिक्षा झालेला तो पक्का. येथे पक्के होणे कोणालाच नको असते, आणि तरीही शब्दाची योजना तर्काला धरून आहे, कारण प्रक्रिया पुरी झाली आहे. ‘कच्चा खाईन’ या धमकीत तेवढा तो भयंकर वाटतो, आणि तेथेही अर्थ हाच की, तुला शिजवण्याइतकाही वेळ घालवणार नाही.

मात्र एका ठिकाणी मराठी माणूसही पक्केपणातील प्रक्रिया विसरला, आणि ती विस्मृती शब्दापुरती राहिली नाही. मराठवाड्यातील जुनी घरे दगडमातीची: रुंद भिंती, लाकडी खण, वर मातीचे जड माळवद. ज्याच्या भिंती अधिक जाड, त्याचे घर अधिक पक्के, असे गाव मानीत असे. कुडाचे घर ते कच्चे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांत ही दगडी घरे कोसळली आणि साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली. दगड कठीण होता, त्याला धरून ठेवणारी माती तशीच कच्ची होती. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना एकमेकांत बांधणारे दगड नव्हते आणि वरचा भार प्रचंड होता. कठीण आणि पक्के हे दोन शब्द लोकव्यवहारात एकाच अर्थाने चालत होते; आव्याच्या भाषेत ते एक नव्हते, कारण तेथे पारख दिसण्यावरून होत नाही, आतपर्यंत आच पोहोचली की नाही यावरून होते. भूकंपानंतर राज्यशासनाने जे पुनर्वसन हाती घेतले, त्यात उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंतींत आरपार जाणारे दगड घालणे, माळवदाचा भार कमी करणे, वरून पट्ट्याने भिंती बांधून घेणे अशी कामे होती. या कामांना सरकारी कागदपत्रांत ‘पक्के करणे’ म्हटलेले नाही. त्यासाठी योजलेला शब्द आहे ‘मजबुतीकरण’. तोही अरबीतून उर्दूच्या वाटेने आलेला आणि संस्कृत प्रत्यय लावून घेतलेला.